स्टड बोटांनी बसतो, जोर नटाला लागतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा. जिप्सीचं १३०० सीसीचं इंजिन. दोन वर्षांत दोनदा हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील, गेलं, दुसऱ्या वेळी पावागडला माचीपर्यंत चढताना गाडी तापली. हेड उघडल्यावर एका बोल्टबरोबर ब्लॉकचे आटे थोडे बाहेर आलेले दिसले. कुणीतरी सुचवलं की बोल्ट सोड, स्टड बसव, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली, डोकं नसलेली सळई, जिच्यावर वरून नट लागतो. स्टड आणलेस. पाकिटातल्या कागदावर टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, एक आकडा आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये दुसरा. तुला तीन गोष्टी हव्या आहेत: स्टड ब्लॉकमध्ये किती घट्ट करायचा, त्याला आट्यांचं लॉक, म्हणजे आटे चिकटवून ठेवणारं रसायन, लावायचं का, आणि कोणता आकडा धरायचा. काका म्हणून विचारलंस, तर मीही अरे-तुरेच करतो.

आधी उत्तर. स्टड ब्लॉकमध्ये फक्त बोटांनी, फार तर एलन की हलक्या हाताने टेकेपर्यंत. लॉक लावायचं नाही; भोक पाण्यात उघडत असेल तर सीलंट लावायचं. आकडा कागदावरचा, पण कागदावर लिहिलेल्याच वंगणासकट. एवढं वाचून थांबू नकोस. बाकीचं नीट केलं नाहीस तर हे तिन्ही बरोबर असूनही तिसरं गॅस्केट जाईल.

सगळ्यात आधी गॅस्केट का गेलं ते शोध. स्टड हे औषध नाही. हेड आणि ब्लॉक एकमेकांवर दाबून धरणं एवढंच त्याचं काम. रेडिएटर निम्मा बुजलेला असेल तर जगातला कुठलाही स्टड इंजिन तापण्यापासून वाचवणार नाही. आपल्याकडे बडोद्यात ही गोष्ट मी फार पाहतो. बोअरचं पाणी थेट रेडिएटरमध्ये ओततात. त्यात क्षार भरपूर, दोन उन्हाळ्यांत नळ्यांच्या आत पांढरा थर बसतो, आणि अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये पाण्याच्या वाटेच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात. गॅस्केटची रिंग जिथे टेकायची तिथेच खड्डा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना त्या गाडीकडून घाट चढण्याची अपेक्षा करणं चूक आहे. थर्मोस्टॅट काढून फेकला असेल तर तोही परत बसव. ‘आपल्याकडे गरम होतं म्हणून थर्मोस्टॅट नको’ हे मी शिकाऊ होतो तेव्हापासून ऐकत आलोय, आणि ते तेव्हाही चुकीचं होतं.

मग सपाटी. हेडला फेसिंग मारून, म्हणजे मशीनवर सपाट करून, आणलं असं तू लिहिलंस, ब्लॉकबद्दल काहीच लिहिलं नाहीस. बहुतेकजण ब्लॉक तपासतच नाहीत, कारण तो गाडीत असतो आणि हेड हातात येतं. चांगली सरळ पट्टी घे, शाळेतली स्टीलची नव्हे, मशीन शॉपमधली घासलेली. ती ब्लॉकवर लांबीत दोन्ही कडांना, दोन्ही टोकांना आडवी आणि दोन्ही कर्णांवर ठेव. खाली फिलर गेजचं ०.०५ मिलिमीटरचं पान सरकतं का बघ. बऱ्याच लहान इंजिनांना मॅन्युअल एवढीच मर्यादा देतं. तुझ्या मॅन्युअलमध्ये याहून कमी दिली असेल तर ती धर. पट्टी ठेवण्यापूर्वी प्रत्येक भोकाच्या तोंडावरून बोट फिरव. आटे ओढले गेले असतील तिथे भोकाभोवती बारीक कडं वर आलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लगेच लागतं, बांगडीच्या कडेसारखं. हेच कडं गॅस्केटला तिथे उचलून धरतं आणि शेजारचा सिलिंडर गळतो. तुझं पहिलं गॅस्केट बदलताना ते कुणी पाहिलं नसावं, असा माझा अंदाज. तेलाच्या सपाट दगडाने ते कडं उतरव आणि भोकाच्या तोंडाला हलका चॅम्फर, म्हणजे तिरकी कड, दे, म्हणजे पहिला आटा पृष्ठभागाच्या खाली सुरू होईल. पुढे नट घट्ट झाला तरी ते कडं पुन्हा वर येणार नाही.

आता बोल्ट आणि स्टड यांतला फरक, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. बोल्ट घट्ट करताना तो दोन कामं एकदम करतो. ब्लॉकच्या आट्यांमध्ये फिरतो आणि त्याच वेळी ताणला जातो. फिरणं आणि ताण दोन्ही एकाच दांड्यावर, आणि घासलं जातं ते ब्लॉकच्या आट्याला. ब्लॉक बिडाचा असेल तर तो सहन करतो. तुझ्या जिप्सीचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे. हेड जितक्या वेळा उघडशील तितक्या वेळा पोलादाचा बोल्ट त्या मऊ आट्यांना पूर्ण दाबाखाली घासणार. स्टडचं तसं नाही. तो दाब नसताना ब्लॉकमध्ये उतरतो आणि तिथेच राहतो. नंतर फिरतो तो नट, पोलादावर पोलाद. ब्लॉकच्या आट्यांना फक्त सरळ वर ओढ बसते. वरच्या बाजूचे आटे बहुधा बारीक असतात, त्यामुळे नट जास्त नेमका लागतो.

यावरूनच कळतं की स्टड ब्लॉकमध्ये कसून का बसवायचा नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा वस्ताद अॅम्बॅसिडरवर काम करायचे. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ब्रिटिश बी-सीरिजचं, ब्लॉक बिडाचा, आणि कारखान्यातूनच स्टड बसवलेले. दोन नट एकमेकांवर आवळून स्टड आत घुसवायचा, ‘बसला की हलायला नको’ असं वस्ताद म्हणायचे. त्या बिडात ते खपून गेलं. ती सवय घेऊन मी पुढे अॅल्युमिनियमच्या ब्लॉकवर गेलो, आणि एका ब्लॉकचं नुकसान केलं. भोकाच्या तळाशी थोडं ऑइल साचलं होतं, मी ते पाहिलं नाही. स्टड हाताने शेवटपर्यंत जाईना, म्हणून मी पाना लावला. एक बारीक ‘टिक’ आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. मला वाटलं स्टड तळाला टेकला. इंजिन चालू केल्यावर भोकाच्या बाजूने, ब्लॉकच्या बाहेरच्या भिंतीवर, केसाएवढी रेघ ओली झालेली दिसली. द्रव दाबला जात नाही. बंद भोकात स्टड पिस्टनसारखा उतरतो, आणि खाली अडकलेलं ऑइल बाजूची भिंत फोडून वाट काढतं. तो ब्लॉक मी माझ्या पैशाने बदलून दिला. तेव्हापासून भोक कोरडं असल्याची स्वतःच्या बोटांनी खात्री केल्याशिवाय मी कुणालाही स्टड उचलू देत नाही, मग तो पोरगा कितीही जुना असो.

म्हणून भोकं साफ करण्याला दिवसाचा मोठा भाग दे. आधी सिलिंडरांत आणि ऑइलच्या वाटांत स्वच्छ चिंध्या कोंब. त्या मोजून कोंब, मोजून काढ. जुन्या गॅस्केटचा चिकटा काढताना घासायची खरखरीत चकती ड्रिलला लावू नकोस. तिचा दगडी भुगा ऑइलमध्ये मिसळला की बेअरिंग खाऊन टाकतो, आणि दोष मात्र स्टडवर येतो. प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी आणि गॅस्केट काढायचं रसायन पुरे.

आट्यांतून नवा कापणारा टॅप फिरवू नकोस. तो साफ करत नाही, कापतो. अॅल्युमिनियममध्ये प्रत्येक वेळी थोडा धातू घेऊन जातो आणि आटा सैल करतो. त्याच पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढंच अंतर असलेला, एक नवा, न ताणलेला बोल्ट घे. त्याच्या आट्यांवर लांबीच्या दिशेने हॅक्सॉने तीन चिरा पाड आणि कडांचे बर काढ. हा तुझा साफ करायचा टॅप. थोडं केरोसीन लावून हाताने फिरव, अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर. चिरांमध्ये काळा चिखल भरून बाहेर येईल. पुसून पुन्हा घाल. चिखल यायचा थांबला की कार्ब क्लीनरचा फवारा मार आणि कॉम्प्रेसरची हवा थेट तळाशी सोड. डोळ्यांवर चष्मा लाव आणि भोकावर चिंधी धर, कारण आतलं सगळं तोंडावर येतं. शेवटी काडीला कापूस गुंडाळून तळापर्यंत घाल. कापूस कोरडा आणि पांढरा बाहेर आला पाहिजे. प्रत्येक भोकाला वेगळा कापूस.

एक बारीक तार घेऊन प्रत्येक भोक बंद आहे की पाण्याच्या जागेत उघडतं तेही बघून घे आणि कागदावर ब्लॉकचं चित्र काढून खूण कर. सगळी भोकं सारखी असतील असं धरून चालू नकोस; काही इंजिनांत एका ओळीतली बंद आणि दुसऱ्या ओळीतली ओली असतात. ओल्या भोकातल्या स्टडच्या खालच्या आट्यांना सीलंट लागतं, नाहीतर कूलंट आट्यांतून हळूहळू वर चढतं आणि नटाखालून झिरपतं. लोक मग गॅस्केट गळतंय म्हणून हेड पुन्हा उघडतात. सीलंट घट्ट होणाऱ्या जातीचं असेल तर ते सुकण्याआधी हेड बसवून नट पूर्ण घट्ट झाले पाहिजेत, म्हणजे दाब पडल्यावर आट्यांची जी जागा ठरेल तिथेच ते सुकेल. त्या दिवशी अर्धं काम करून जेवायला जायचं नाही. बंद भोकात आट्यांना हलकं इंजिन ऑइल पुरे, तेही बोटाने पुसल्याएवढं.

तुझं ते एक भोक, ज्याचे आटे बाहेर आले, ते तसंच ठेवून बाकी नऊ ठिकाणी स्टड लावू नकोस. तिथे इन्सर्ट, म्हणजे भोकात बसणारे नवे पोलादी आटे, बसवावं लागेल. हेलिकॉइलची स्प्रिंग किंवा भरीव पोलादी बुश, दोन्ही चालतात. हेडच्या कामाला मी बुश पसंत करतो, कारण स्टड काढताना ती त्याच्याबरोबर वर येत नाही. पण भोक हाताच्या ड्रिलने पाडू नकोस. एक अंशाने जरी तिरकं गेलं तर १०० मिलिमीटर वर स्टडचं टोक पावणेदोन मिलिमीटर सरकतं, आणि हेड त्याच्यावरून उतरणारच नाही. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, ब्लॉक मिलिंगच्या टेबलावर बांधून हे काम करणारी मशीन शॉप्स आहेत. ब्लॉक काढून न्यायचा कंटाळा करू नकोस. एक भोक गेलं आहे तर शेजारची दोनही तपासून घे. अॅल्युमिनियममध्ये आट्यांची पकड स्टडच्या जाडीच्या दुप्पट तरी हवी, म्हणजे १० मिलिमीटरच्या स्टडला २० मिलिमीटर. बिडाला दीडपट पुरते.

आता स्टड हातात घे. आधी सगळ्यांची लांबी व्हर्नियरने मोजून वहीत लिहून ठेव, प्रत्येकाचा नंबर घालून. पुढे कधी हेड उघडलंस तर पुन्हा मोज. ज्याची लांबी वाढली तो कायमचा ताणला गेला, तो भंगारात. लेथवर साध्या सळईला आटे पाडून ‘स्टड’ म्हणून विकलेला माल मी पाहिलाय. चांगल्या स्टडचे आटे कापलेले नसतात, रोलरने दाबून उठवलेले असतात, आणि तेही बऱ्याचदा उष्णता-प्रक्रियेनंतर. आट्याच्या तळाशी बघ: रोल केलेला आटा तळात गोलसर आणि चकचकीत असतो, कापलेल्याच्या तळात बारीक रेघा दिसतात. रेघा दिसल्या तर परत कर.

बसवताना स्टड दोन बोटांत धर आणि फिरव. सगळं अंतर त्याने दोन बोटांच्या जोरात जायला हवं. मध्ये अडला तर बाहेर काढ, आटे बघ, भोक पुन्हा साफ कर. जोर लावून अडथळा पार करायचा मोह होतो, तो होऊ देऊ नकोस. टोकाला टेकला की थांब. टोकात एलन कीचं भोक असेल तर लहान कीने फक्त टेकल्याची खात्री कर. इथे कसून बसवलास तर दोन तोटे आहेत. एक, तळाला टेकलेला स्टड ब्लॉकला आतून वर ढकलतो, आणि वरून नटाची ओढ त्यात भर घालते. दुसरा, आटे जिथे संपतात तिथला जाड भाग ब्लॉकच्या पहिल्या आट्यात पाचरीसारखा अडकला तर स्टड थोडा तिरका उभा राहतो. म्हणून भोकाची खोली आणि स्टडच्या आट्यांची लांबी आधी जुळवून बघ. काही कंपन्या आपल्या स्टडला थोडा टॉर्क देतात. कागदावर तसं स्पष्ट लिहिलं असेल तर तेवढाच दे. काहीच लिहिलं नसेल तर बोटं.

दहाही उभे राहिले की बाजूला वाकून, डोळा ब्लॉकच्या पातळीवर आणून बघ. टोकं एका रेषेत दिसली पाहिजेत. एक उंच दिसला तर त्याच्या भोकात कचरा आहे.

गॅस्केट घालण्याआधी एकदा हेड कोरडंच उतरवून बघ. जिप्सीचं इंजिन गाडीच्या लांबीत बसलेलं असतं आणि बॉनेट मोकळं उघडतं, म्हणून तुला सोपं जाईल. आडव्या इंजिनाच्या लहान गाड्यांत कधी कधी स्टडवरून हेड उचलायला वर जागाच नसते आणि पुढच्या दुरुस्तीला अख्खं इंजिन उतरवावं लागतं. दोघांनी धरून हेड सरळ खाली येऊ दे. डॉवेल, म्हणजे हेड नेमक्या जागी धरणाऱ्या पिना, जागेवर असलेच पाहिजेत. स्टडच्या भोकांना सैलपणा असतो, त्यामुळे हेडची नेमकी जागा स्टड ठरवत नाहीत, ते काम डॉवेलचं. मग नट-वायसर हाताने लावून टोक किती वर येतं ते बघ. नटाच्या वर एक-दोन आटे दिसायला हवेत. कॅम वर असलेल्या इंजिनात टोकांवर मळलेल्या मातीची गोळी चिकटव, रॉकर कव्हर ठेवून उचल, आणि माती किती चेपली ते मोज. मातीत खड्डा पडलेला आत्ता दिसलेला बरा.

आता टॉर्कच्या आकड्याकडे येऊ. इथेच सगळ्यात जास्त इंजिनं खराब होतात, म्हणून जरा सावकाश वाच.

टॉर्क रेंच तुला दाब दाखवत नाही. तो फक्त नट फिरवायला किती जोर लागला ते दाखवतो, आणि त्या जोरातला बहुतेक भाग, साधारण नव्वद टक्के, घर्षणातच जातो: निम्मा नटाखाली वायसरवर, उरलेला आट्यांमध्ये. स्टड ताणायला उरतो दहावा हिस्सा. म्हणजे घर्षणात थोडा फरक पडला की दाबात प्रचंड फरक पडतो. माझा धाकटा भाऊ कलाभवनात शिकला, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेत, जिचा आता विद्यापीठाचा टेक्नॉलॉजी विभाग झाला आहे. हे गणित मी पहिल्यांदा त्याच्या वहीत पाहिलं: टॉर्क म्हणजे घर्षणावर ठरणारा एक गुणांक गुणिले स्टडची जाडी गुणिले ओढ. सगळं मीटर आणि न्यूटनमध्ये. आपण ते एका उदाहरणावर करून बघू. तुझ्या स्टडचं माप तू मोजून घालशील.

१० मिलिमीटरचा, सव्वा मिलिमीटर पिचचा, १०.९ ग्रेडचा स्टड धर. आट्यांपाशी त्याचं कामाचं क्षेत्रफळ सुमारे ६१ चौरस मिलिमीटर. त्याला सुरक्षित अशी ओढ समजा ३८ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ ३.९ टन. एका स्टडला! दहा स्टड मिळून हेडवर अडतीस-एकोणचाळीस टन. कोरड्या आट्यांचा गुणांक साधारण ०.२०. मग टॉर्क येतो ७६ न्यूटन-मीटर. तेच आटे मॉलीच्या (मॉलिब्डेनम असलेल्या) वंगणाने माखले तर गुणांक ०.१२ च्या आसपास उतरतो, आणि त्याच ३८ किलोन्यूटनसाठी ४६ न्यूटन-मीटर पुरतात. आता कुणी मॉली लावलं आणि कोरड्याचा ७६ आकडा दिला, तर ओढ जाते ६३ किलोन्यूटनवर. ताण होतो दर चौरस मिलिमीटरला हजार न्यूटनच्या वर. हा स्टड नऊशेच्या आसपासच कायमचा लांबायला लागतो. म्हणजे स्टड गेला, किंवा त्याआधी तुझ्या ब्लॉकचे आटे गेले. उलट, कागद मॉलीचा आकडा सांगत होता आणि तू कोरडं घट्ट केलंस, तर दाब निम्म्याच्या जवळ आला. ते गॅस्केट पहिल्या लांब प्रवासात फुंकणार.

म्हणूनच मॅन्युअलचा आकडा आणि कागदाचा आकडा वेगळे आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. मॅन्युअलचा आकडा कंपनीच्या बोल्टसाठी, कागदाचा तुझ्या स्टडसाठी आणि त्याच्याबरोबरच्या वंगणासाठी. दोन्हींची सरासरी काढू नकोस. हे मी प्रत्यक्ष होताना पाहिलंय. पाकिटात वंगणाची पुडी असेल तर तीच वापर, वरच्या आट्यांना, नटाच्या तळाला आणि वायसरच्या वरच्या बाजूला. वायसरच्या खाली लावू नकोस. वायसर हेडवर स्थिर राहिला पाहिजे आणि नट त्याच्यावर फिरला पाहिजे. वायसरची एक कड आतून मारलेली असते, ती बाजू नटाकडे. एककही तपास: १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर, १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८. अमेरिकन स्टडच्या कागदावर फूट-पाउंड पहिल्यांदा लिहिलेलं असतं. ६० फूट-पाउंड म्हणजे ८१ न्यूटन-मीटर. ६० न्यूटन-मीटर देऊन गाडी सोडलीस तर एक चतुर्थांश दाब कमी पडला.

आकड्याच्या वर ‘थोडं जास्त’ देऊ नये याला अजून एक कारण आहे. अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. १०० मिलिमीटर उंचीचं हेड ३० अंशांवरून ९० वर गेलं की सुमारे ०.१४ मिलिमीटर वाढतं, तेवढ्याच लांबीचा स्टड ०.०७. उरलेल्या अंतराचा काही भाग हेड दाबलं जाऊन सहन होतो, बाकीचा स्टडच्या ओढीत भर घालतो. आपण दिलेला स्टडचा ताण मुळात ०.३ मिलिमीटरचा. गरम इंजिनात ओढ आपोआप वाढते, तिच्यासाठी जागा ठेवावी लागते.

घट्ट करण्याचा क्रम मधून बाहेर, दोन्ही बाजूंना आळीपाळीने, गोगलगायीच्या कवचासारखा. मॅन्युअलमध्ये चित्र आहे, त्याची झेरॉक्स इंजिनाशेजारी चिकटव. तीन फेऱ्या: पहिली तिसऱ्या हिश्शाची, दुसरी दोन तृतीयांशाची, तिसरी पूर्ण. मग पूर्ण आकड्यावर अजून एक फेरी, कारण शेजारचा नट घट्ट झाल्यावर गॅस्केट चेपतं आणि आधीचा थोडा सैल पडतो. पाना संथ आणि एका दमात ओढ. मध्ये थांबलास तर थांबलेल्या नटाला पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो आणि रेंच खोटा क्लिक देतो. असं झालं तर नट पाव फेरा सोड आणि पुन्हा एका ओढीत आण. गोटी पान्याला सरळ एक्स्टेन्शन चालेल, वाकणारा जॉइंट नको. झालेल्या नटावर पिवळ्या मार्करची रेघ मार. काम संपलं की रेंच सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेव.

आणि हात जागा ठेव. चांगला नट घट्ट होताना पाना सतत जड होत जातो. कधी असं होतं की नट फिरतोय आणि पाना जड होत नाहीये, हाताला लोण्यासारखं मऊ लागतंय, क्लिक येतच नाही. तिथल्या तिथे थांब. एकतर स्टड लांबतोय, नाहीतर ब्लॉकचे आटे वर येतायत. क्लिक येईपर्यंत ओढत राहणाऱ्याच्या हातात शेवटी स्टड आणि त्याला गुंडाळलेली अॅल्युमिनियमची स्प्रिंग येते. तिथे नट सोडून हेड उतरवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ओढत राहिलास तर ब्लॉकचं काम निघतं.

तू विचारलं नाहीस, पण एक गोष्ट सांगून ठेवतो. काही नव्या इंजिनांत, आणि आपल्या हलोलच्या कारखान्यात बनलेल्या ओपलसारख्या गाड्यांत, बोल्ट थोड्या टॉर्कवर आणून पुढे अंशांत फिरवायचे असतात. ते बोल्ट मुद्दाम ताणण्यासाठी असतात आणि एकदाच वापरायचे. ते अंश स्टडच्या नटाला लावू नकोस. आणि स्टड जुन्या बोल्टपेक्षा खूप जास्त दाब देणारे असतील तर सिलिंडरच्या नळ्या वरच्या टोकाला किंचित वेगळ्या आकाराच्या होतात. चाळीस-पन्नास हजार किलोमीटर बसलेल्या पिस्टनच्या रिंग तिथे ऑइल खायला लागू शकतात. रोजच्या जिप्सीला कागदावरचा किमान आकडा पुरतो. टर्बो लावणाऱ्यांचे आकडे तुझ्यासाठी नाहीत.

सगळं झाल्यावर कूलंट भर, बोअरचं पाणी नको, तयार मिसळलेलं किंवा डिस्टिल्ड पाण्यातलं. हवा काढ. इंजिन चालू करून पूर्ण गरम होईपर्यंत चालव, बंद कर, आणि रात्रभर थंड होऊ दे. गरम अॅल्युमिनियमवर पाना लावायचा नाही. सकाळी, कागदावर पुन्हा टॉर्क द्या असं लिहिलं असेल किंवा गॅस्केट जुन्या पद्धतीचं कॉम्पोझिट असेल, तर त्याच क्रमाने एकेक नट पाव फेरा सोडून पुन्हा पूर्ण आकड्यावर आण. एक पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस. अनेक पत्र्यांच्या पोलादी गॅस्केटला बहुधा याची गरज नसते. मग टॅपेट (व्हॉल्व्हचं अंतर) पुन्हा तपास, कारण हेड दाबलं गेलं की त्यांचं अंतर बदलतं. दोन-तीनशे किलोमीटर साधं चालव, रोज सकाळी कूलंटची पातळी बघ आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट फेस येतोय का ते बघ. पातळी आठ दिवस एका रेषेवर राहिली की पावागडला जा.